काजूचे मॅकरून

तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर तूत्तुक्कुडी नावाचे बंदर आहे. इंग्रजी अमदानीत त्यास तूतिकोरिन म्हणत. मोती आणि मीठ यांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे. पण तेथून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात मोती क्वचितच सापडतील, मॅकरूनचा पुडा मात्र हमखास सापडेल. हा मॅकरून दिसतो पांढराशुभ्र, तळाशी रुंद व वर निमुळता, एखाद्या लहानशा शंखासारखा. तोंडात घालताच तो कुरकुरतो आणि क्षणात विरघळतो. त्यात जिन्नस तीनच : अंड्यातील पांढरा भाग, साखर आणि काजू. मैदा नाही, तूप नाही, पाण्याचा थेंबही नाही. मग तो इतका फुलतो कशाने?

या पदार्थाचे मूळ घर युरोप होय. तेथे तो बदामाचा करीत. फ्रान्समधील नान्सी या शहरी त्याची एक हकीकत सांगतात. १७९२ साली क्रांतीच्या सरकारने धार्मिक संघ बंद केले, तेव्हा मठातील जोगिणी एकाएकी निराधार झाल्या. त्यांपैकी दोघींनी, मार्गरित गायो आणि एलिझाबेत मोर्लो यांनी, मठात शिकलेले बदामाचे मॅकरून भाजून विकण्यास आरंभ केला आणि त्यावर आपला चरितार्थ चालविला. त्या जेथे राहत, तेथील रस्त्यास १९५२ मध्ये ‘मॅकरून-भगिनींचा रस्ता’ असे नाव देण्यात आले. सेनापतींच्या नावांचे रस्ते सर्वत्र असतात. खाऊ करणाऱ्या बायकांच्या नावाचा रस्ता विरळाच!

तूत्तुक्कुडीस सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, १६५८ मध्ये डच आले आणि पुढे इंग्रज. येथील मॅकरूनात बदामाची जागा काजूने घेतली. काजूही मूळचा आपला नव्हे. तो ब्राझील देशातला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्याला हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. आज गोव्यात आणि कोकणात डोंगरउतारावर तो असा रुजला आहे की, त्याला परका म्हणवत नाही. त्याच्या रसाळ बोंडूच्या टोकास बी लटकते व तिच्या टरफलात दाहक तेल असते. ते हाताला लागले तर कातडी भाजून निघते. काजूच्या कारखान्यांत बिया फोडण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. हातांना राख किंवा तेल चोळून त्या एकेक बी फोडीत आल्या आहेत. आपल्या वाटीत पडणाऱ्या पांढऱ्या काजूगरामागे एवढे कष्ट असतात.

आता कृतीकडे वळू. तीन अंडी, दीडशे ग्रॅम काजू व दीडशे ग्रॅम पिठीसाखर घ्यावी. काजू कोरडेच किंचित गरम करून पूर्ण निवू द्यावेत आणि थांबत थांबत भरड कुटावेत. घाईने फार वाटले तर त्यांतील तेल सुटते आणि पुडीऐवजी लगदा हाती येतो.

खरी कसोटी पुढे आहे. अंड्याचा पांढरा भाग पिवळ्या बलकापासून वेगळा करावयाचा. यासाठी तीन वाट्या घ्याव्यात. प्रत्येक अंडे पहिल्या वाटीवर फोडावे, त्याचा पांढरा भाग नीट निघाला की तो दुसऱ्या वाटीत ओतावा, बलक तिसरीत. असे केल्याने एखादे अंडे बिघडले तरी आधीची वाचतात. बलकाचा थेंबभर अंशही पांढऱ्यात उतरता कामा नये. भांडे व रवी यांनाही तेलातुपाचा ओशटपणा नसावा.

एवढी काटेकोर दक्षता कशासाठी? अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे नऊ दशांश पाणी असते, उरलेला भाग बहुतेक प्रथिनांचा. प्रथिनांचे लांब धागे गुंडाळी करून बसलेले असतात. रवीने घुसळले की गुंडाळ्या उलगडतात, हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती गोळा होतात आणि एकमेकांत गुंतून त्यांच्या भिंती बनतात. स्निग्ध पदार्थ मध्ये शिरला की या भिंती उभ्याच राहत नाहीत. कितीही घुसळा, फेस खाली बसतो.

फेस मऊ झाला की साखर चमच्याचमच्याने घालावी. ती त्यातील पाण्यात विरघळून ते दाट करते. त्यामुळे फेस लवकर पाझरत नाही. रवी वर उचलली असता फेसाचे टोक ताठ उभे राहिले की थांबावे. त्यापुढेही घुसळीत राहिले तर भिंती फुटून पाणी सुटते. मग काजूची पूड पसरून हलक्या हाताने, खालून वर आणीत मिसळावी. कच्चे मिश्रण चाखू नये; कच्च्या अंड्यात रोगजंतू असू शकतात. हातही साबणाने धुवावेत.

तुपाचा हात फिरविलेल्या कागदावर चमच्याने लहान ढीग घालावेत. विजेची भट्टी असल्यास १३० अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजून, आच बंद करून आतच निवू द्यावेत. भट्टी नसल्यास जुनी रीत आहेच : जाड पातेल्यात दोन बोटे वाळू घालून तापवावी, वर तिवई, तिवईवर ताटली, आणि झाकणावर थोडे निखारे. गोव्यात बेबिंकालाही वरून अशीच आच देतात. हे काम घरातील वडीलधाऱ्या माणसांनी करावे. आच मंदच हवी. मंद उष्णतेने बुडबुडे फुगतात, भिंती घट्ट होतात आणि पाणी हळूहळू निघून जाते. आच तीव्र झाली की साखर करपून वरचे कवच तांबूस होते आणि आत चिकट चिखल राहतो.

निवलेले मॅकरून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. साखर हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात उघडे राहिलेले मॅकरून काही तासांतच मऊ पडतात. कोकणातल्या आषाढात तर ते करण्याच्या भानगडीत न पडलेलेच बरे. उरलेले तीन बलक मात्र टाकू नयेत. बेबिंकाला बलकच लागतात.