एका तबकडीला एक कोटी! 'नॉर्दर्न सोल'च्या दुर्मीळ रेकॉर्ड्स आणि त्यांच्या आठवणी लोक का जपतात?

२०२० साली ब्रिटनमध्ये एक जुनी रेकॉर्ड विकली गेली. सात इंचाची साधी सिंगल. किंमत १ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास एक कोटी रुपये.

ही रेकॉर्ड बीटल्सची नव्हती आणि एल्व्हिस प्रेस्लीचीही नव्हती. गायकाचं नाव फ्रँक विल्सन आणि गाण्याचं नाव 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)'. १९६५ साली अमेरिकेतल्या मोटाऊन या प्रसिद्ध कंपनीने तिच्या सुमारे २५० डेमो प्रती काढल्या आणि रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच त्यातल्या बहुतेक नष्ट केल्या, असं सांगितलं जातं. विल्सन यांनी गायकीपेक्षा निर्माता म्हणून काम करणं पसंत केलं आणि गाणं तिथेच संपलं.

मग जे गाणं अमेरिकेत कुणी ऐकलंच नाही, त्यासाठी कुणी एक कोटी रुपये का मोजतं? उत्तरासाठी आधी 'नॉर्दर्न सोल' म्हणजे काय ते बघावं लागेल.

नॉर्दर्न सोल म्हणजे नेमकं काय?

नावात 'नॉर्दर्न' असलं तरी हे संगीत उत्तर इंग्लंडमध्ये तयार झालेलं नाही. गाणी अमेरिकेची, गायक बहुतांश कृष्णवर्णीय अमेरिकन. उत्तरेकडचे होते ते ही गाणी ऐकणारे आणि त्यावर नाचणारे लोक.

हे नाव दिलं डेव्ह गोडिन या ब्रिटिश पत्रकाराने. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात त्याचं 'सोल सिटी' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तर इंग्लंडमधल्या फुटबॉल टीमचे चाहते मॅचसाठी लंडनला आले की या दुकानात डोकवायचे. गोडिनच्या लक्षात आलं, की या मुलांना नव्या फंक रेकॉर्ड्स नको आहेत. ते मागतात मोटाऊनच्या सुरुवातीच्या काळासारखी, जलद ठेक्याची जुनी गाणी. १९६८ च्या सुमारास दुकानात काम करणाऱ्यांना समजावं म्हणून त्याने अशा गाण्यांना 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' या मासिकातल्या त्याच्या सदरात हा शब्द छापून आला आणि कायमचा चिकटला.

पण रेकॉर्ड्स दुर्मीळ कशा झाल्या?

साठच्या दशकात मोटाऊनला जबरदस्त यश मिळालं. ते बघून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचं पीक आलं. यातल्या कित्येक कंपन्या म्हणजे दोन-चार माणसं आणि उसने आणलेले पैसे. एक गाणं रेकॉर्ड करायचं, थोड्या प्रती काढायच्या, काही रेडिओवाल्यांना वाटायच्या आणि नशिबाची वाट बघायची. बहुतेकांचं नशीब उघडलंच नाही. उरलेल्या प्रती गोदामांत, जुन्या सामानाच्या दुकानांत किंवा कचऱ्यात गेल्या.

दशक संपता संपता अमेरिकेची आवड फंककडे वळली. जलद ठेक्याची जुन्या पद्धतीची गाणी नव्याने बनणं जवळपास थांबलं. उत्तर इंग्लंडमधल्या नाचणाऱ्यांना मात्र तीच हवी होती. नवा माल येणार नसेल तर उपाय एकच, जुना माल खणून काढायचा. त्यातही जी गाणी हिट झाली ती सगळ्यांकडे होती. म्हणून शोध सुरू झाला तो फसलेल्या गाण्यांचा.

थोडक्यात, ज्या अपयशामुळे रेकॉर्ड अमेरिकेत विकली गेली नाही, त्याच अपयशामुळे तिची इंग्लंडमधली किंमत वाढली.

रात्रभर चालणारे क्लब

या शोधाला खतपाणी घातलं ते 'ऑल नाइटर' म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या कार्यक्रमांनी. मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' १९७१ मध्ये बंद झाला. मग स्टोक-ऑन-ट्रेंटमधला 'गोल्डन टॉर्च' गाजला. ब्लॅकपूलला 'मेक्का'ची हायलँड रूमही होती, तिथे मात्र कार्यक्रम रात्रभर चालत नसे. आणि २३ सप्टेंबर १९७३ ला सुरू झाला सगळ्यांत प्रसिद्ध क्लब, 'विगन कॅसिनो'.

नाव कॅसिनो असलं तरी इथे जुगार नव्हता आणि दारूही मिळत नव्हती. शनिवारी मध्यरात्रीनंतर सुरू होणारा कार्यक्रम रविवारी सकाळी आठला संपायचा. गिरण्या, कारखाने आणि खाणींच्या गावांमधली तरुण मुलं-मुली आठवडाभर राबून इथे यायची. सैल पँट, अंगावर किंवा बॅगवर शिवलेले क्लबचे बिल्ले, घामाने भिजेल म्हणून सोबत कपड्यांचा दुसरा जोड. पाय नीट सरकावा म्हणून लाकडी फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकली जायची. जोडीदार लागायचा नाही, प्रत्येक जण आपापला नाचायचा. रात्रभर जागं राहण्यासाठी ॲम्फेटामाइनच्या गोळ्या घेण्याचं प्रमाणही मोठं होतं आणि त्यामुळे पोलिसांची नजर या क्लबवर कायम असायची.

शेवटची तीन गाणी ठरलेली होती. टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश या तिघांची. त्यांना 'थ्री बिफोर एट' म्हणजे 'आठच्या आधीची तीन' असंच नाव पडलं. ही तीन वाजली की घरी जायची वेळ झाली, हे सगळ्यांना कळायचं.

आधी लपवालपवी, मग आठवणी

क्लबमध्ये डीजेची इभ्रत एकाच गोष्टीवर ठरायची. दुसऱ्या कुणाकडेच नाही अशी रेकॉर्ड त्याच्याकडे आहे का? त्यासाठी डीजे अमेरिकेला जायचे आणि गोदामं पालथी घालायचे.

रेकॉर्ड सापडली की ती लपवायची. लेबलवर कागद चिकटवायचा आणि गायकाचं खोटं नाव जाहीर करायचं. याला 'कव्हर अप' म्हणत. मुलं महिनोन्महिने ज्या गाण्यावर नाचायची, ते खरं कुणाचं आहे हे त्यांना माहीतच नसायचं. फ्रँक विल्सनचं गाणंही विगनमध्ये आधी 'एडी फॉस्टर' या नावाने वाजवलं गेलं.

नाव लपवण्यामागे व्यवहार होता. खरं नाव फुटलं की प्रतिस्पर्धी डीजे ती रेकॉर्ड शोधून काढणार आणि पाठोपाठ बनावट प्रती छापणारेही येणार. सत्तरच्या दशकात अशा बेकायदा प्रतींचा सुळसुळाट होता. त्यातून गायकाला एक पैसाही मिळत नव्हता.

याच लपवालपवीमुळे आज आठवणींना किंमत आली आहे. खोटं नाव कोणतं होतं, खरं कोणतं, गाणं पहिल्यांदा कोणत्या क्लबमध्ये, कुणी वाजवलं, प्रत कुठून आली, यातलं काहीच रेकॉर्डवर छापलेलं नाही. ते त्या रात्री तिथे असलेल्या लोकांच्या डोक्यात आहे.

म्हणून या छंदात रेकॉर्ड जमवणं आणि आठवणी सांगणं वेगळं करता येत नाही. संग्राहक लेबलचे फोटो, जुन्या विक्रीच्या याद्या, क्लबची सभासद कार्ड, पोस्टर असं सगळं जपतात आणि एकमेकांना दाखवतात. 'हे मी आधी मेक्कामध्ये ऐकलं', 'छे, ते विगनचंच' असे वाद पन्नास वर्षांनंतरही रंगतात. एकाची आठवण चुकते, दुसरा तारीख असलेलं पोस्टर काढतो आणि नोंद दुरुस्त होते.

खरी आणि बनावट रेकॉर्ड कशी ओळखतात?

जाणकार आधी लेबल बघत नाहीत, तर गाणं संपल्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत भाग असतो तो बघतात. तिथे बारीक अक्षरांत एक नंबर असतो. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. तो शिक्क्याने उमटवला आहे की हाताने कोरला आहे, सोबत कारखान्याची खूण आहे का, यावरून मूळ प्रत आणि नक्कल ओळखता येते. मग लेबलचा रंग, छपाईचा ठसा आणि तबकडी कशाची आहे हे तपासलं जातं. कारण अमेरिकेत कित्येक सिंगल व्हिनाइलऐवजी स्टायरीन या ठिसूळ प्लॅस्टिकच्या बनायच्या.

अनेक कार्यक्रमांत आजही नियम आहे, मूळ रेकॉर्डच वाजवायची. नक्कल किंवा डिजिटल फाइल चालत नाही.

याचा गायकांना काही फायदा झाला का?

काहींना झाला. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' घ्या. १९६५ मध्ये रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलेलं हे गाणं साफ पडलं. १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग या डीजेला अमेरिकेत त्याची प्रत मिळाली आणि ते नॉर्दर्न सोलच्या क्लबमध्ये गाजलं. तिथून ते 'सॉफ्ट सेल' या ब्रिटिश जोडीपर्यंत पोहोचलं आणि १९८१ मध्ये त्यांचं व्हर्जन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आज रील्समध्ये वाजतं ते बहुतेक वेळा हेच व्हर्जन. आर. डीन टेलरचं १९६७ मधलं फसलेलं गाणं १९७४ मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं.

१९८२ मध्ये 'केंट' हे लेबल सुरू झालं. त्याच्याशी जोडलेल्या एडी क्रॉसडेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या जुन्या टेप ऐकल्या, रीतसर परवानगी घेऊन गाणी बाजारात आणली आणि कलाकारांची माहितीही लिहून काढली. काही गायकांना म्हातारपणी इंग्लंडला बोलावलं गेलं. स्वतः विसरलेलं गाणं शेकडो अनोळखी लोकांना तोंडपाठ आहे, हे त्यांनी स्टेजवरून पाहिलं.

पण सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. 'आठच्या आधीच्या तीन' गाण्यांमधला जिमी रॅडक्लिफ जुलै १९७३ मध्ये वारला. विगन कॅसिनो सुरू व्हायला तेव्हा दोन महिने बाकी होते. पुढची आठ वर्षं त्याच्या आवाजाने कॅसिनोतल्या रात्री संपत होत्या आणि त्याला ते कधीच कळलं नाही.

आता नेमकी चिंता कशाची आहे?

विगन कॅसिनो ६ डिसेंबर १९८१ ला बंद झाला. पुढे आग लागली आणि इमारत पाडली गेली. आज त्या जागी शॉपिंग सेंटर आहे. संगीत मात्र संपलं नाही. २०१४ मध्ये 'नॉर्दर्न सोल' नावाचा सिनेमा आला, २०२३ मध्ये बीबीसीने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नॉर्दर्न सोलची खास मैफल केली आणि विशीतली मुलं या गाण्यांवर नाचतानाचे व्हिडिओ व्हायरल होतात.

गाणी तर वाचली आहेत, बहुतेक स्ट्रीमिंगवर मिळतात. मूळ रेकॉर्ड्सही वाचतील, कारण त्यांना पैसा आहे. प्रश्न उरतो आठवणींचा. १९७३ मध्ये १८ वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीत आहे. तो गेला की त्याच्या पेट्या घरचे लोक विकतात. प्रत्येक रेकॉर्ड चांगल्या किमतीला वेगवेगळ्या हातांत जाते. पण ती कुणाकडून, कशाच्या बदल्यात मिळाली आणि कोणत्या रात्री पहिल्यांदा वाजली, हे कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नसतं.

रेकॉर्डच्या बाजारात लेबलवर पेनाने काही लिहिलेलं असेल तर किंमत कमी होते. आधीच्या मालकाचं नाव, एखादी तारीख, एखादी खूण, हे सगळं दोष म्हणून नोंदवलं जातं. पण ही रेकॉर्ड कुठे होती आणि कुणाची होती, हे सांगणारी तेवढीच एक ओळ असते. म्हणून आता काही संग्राहक स्वच्छ लेबलची प्रत विकत घेण्याआधी विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारतात, 'ही तुम्हाला कशी मिळाली?' आणि तो जे सांगेल ते लिहून ठेवतात.