मुंज्या आपला, तिकीट कोल्हापूरचं

सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याच्या माणसाला मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा असेल, तर आधी घरात कुणाचं तरी दुखणं निघावं लागतं. दुखणं निघालं की कोल्हापूर. डॉक्टरची वेळ अकराची, रिपोर्ट मिळणार चारला. मधल्या वेळात करायचं काय, तर सिनेमा. कणकवली जवळ आहे हे खरं, पण मॉल, सरकता जिना आणि कुडकुडवणारा एसी बघितल्याशिवाय पोरांना सिनेमा पाहिल्यासारखं वाटत नाही.

‘मुंज्या’ लागला तो ७ जून २०२४ला. करूळचा घाट त्या जानेवारीपासून रुंदीकरणासाठी बंद होता. म्हणजे कणकवलीकडे उलटं जायचं, फोंडाघाट चढायचा, राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं. वळणावळणावर पोरांना गाडी लागते, प्लास्टिकच्या पिशव्या हातात तयार. इतकं करून आत बसल्यावर पडद्यावर दिसतं काय? कोकणातलं गाव, पिंपळ आणि त्यावर बसलेला मुंजा! जो घराच्या मागल्या पाणंदीला फुकट राहतो, त्याला भेटायला तिकीट काढून घाट चढायचा.

२०२३ ते २०२५ या तीन वर्षांतल्या बाकीच्या हिंदी सिनेमाचा हिशेब चटकन उरकलेला बरा. २०२३ साली ‘पठाण’, ‘गदर २’ आणि ‘जवान’ यांनी करोनानंतर ओस पडलेली थिएटरं भरली, त्याबद्दल आभार. वर्षअखेरीचा ‘ॲनिमल’ तीन तास एकवीस मिनिटांचा होता, त्यातली एकवीस मिनिटं पुरली असती. ‘ट्वेल्थ फेल’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. ‘लापता लेडीज’ ऑस्करला धाडला, तिकडे काही झालं नाही, म्हणून तो लहान ठरत नाही. बाकी गुप्तहेर, विमानं, पुन्हा गुप्तहेर. ‘वॉर २’बद्दल लिहायला संपादकांनी जागा दिली असती तरी प्रस्तुत लेखकाने ती परत केली असती.

राहिली भुतं. भुतांसाठी मात्र घाई करायची नाही.

मुंज लागलेला मुलगा सोडमुंज होण्याआधी गेला तर मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘मुंज्या’ने ते उगाच समजावत न बसता थेट गोष्ट मांडली. सुहास जोशींची आजी पडद्यावर आली की गावातल्या माजघराचा वास येतो. त्यात फार मोठा तारा नव्हता, तरी सिनेमा शंभर कोटींच्या पुढे गेला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार घराण्यातल्या चौथ्या पिढीचे. पणजोबा नानासाहेब सरपोतदारांनी मूकपटाच्या काळात बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी कथा लिहिल्या, पुढे पुण्यात पूना गेस्ट हाऊस काढलं. तेव्हा हा मुंजा मुंबईच्या कुठल्या बैठकीत जन्मलेला नाही.

‘तुंबाड’ची तऱ्हा आणखी वेगळी. २०१८ साली आला तेव्हा थोड्यांनी पाहिला. १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्या डोक्यात हे भूत नारायण धारपांच्या कथेने घातलं. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, म्हणजे जगबुडीच्या काठचं. त्यातला पाऊस खरा हवा म्हणून चित्रीकरण कित्येक पावसाळे रखडलं. कोकणातल्या प्रेक्षकाला तो पाऊस अंगावर घेताना कळतं की हा पाइपातला नव्हे. बघताना भिंतीला ओल आली का, हे पाहावंसं वाटतं.

‘स्त्री २’ने २०२४च्या पंधरा ऑगस्टपासून जो गल्ला जमवला, त्यानंतर मुंबई-पुण्याच्या काही जाणकारांना अचानक ‘हॉरर-कॉमेडी’ नावाचा नवा प्रकार सापडला. भीती आणि हसू एकत्र नांदू शकतं म्हणे! या मंडळींनी एकदा कार्तिकात सिंधुदुर्गात यावं. दहीकाल्याच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो. सुरुवातीच्या आडदशावतारात ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासूर येतो तो काळ्या वेशात, तोंडावर काळा बुरखा, लोंबती तांबडी जीभ. पुढ्यात बसलेली पोरं किंचाळून आयांच्या पदरात शिरतात. तोच संकासूर दुसऱ्या क्षणी मालवणीत सरपंचाची फिरकी घेतो आणि म्हातारे खोकेपर्यंत हसतात. मोचेमाडकर, वालावलकर यांच्या कंपन्यांत लिहिलेली संहिता नसते, समोरच्या गर्दीचा अंदाज घेत नट तिथल्या तिथे संवाद रचतात. या तालमीत वाढलेल्या प्रेक्षकाला ‘स्त्री २’मध्ये नवं काय वाटणार? त्याला फक्त एवढंच खटकतं की पडद्यावरचा सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, त्याच्याकडे बघून बोलत नाही.

हेच जाणकार एके काळी रामसे बंधूंचं नाव निघालं की नाक मुरडत. ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरी थोड्या पैशांत उरकला, १९७२ साली चालला आणि रामसेंनी दीड दशक खेड्यापाड्यांतलं थिएटर पोसलं. प्रस्तुत लेखकाने तेव्हापासून रामसेंची बाजू घेतली आणि त्यापायी टोमणे खाल्ले. पुढे सत्यनारायणाच्या पूजेला भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर येई, खळ्यात ताडपत्री अंथरली जाई, वर्गणीत तीन सिनेमे. पहिला देवाधर्माचा, दुसरा अमिताभचा. तिसरा ‘पुराना मंदिर’, तो लागेस्तोवर दोन वाजलेले. सिनेमा संपला तरी कुणी उठेना. “आता घराक कोण जातलो?” एवढंच एकजण म्हणाला आणि सगळे उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिले. वाटेत पिंपळ होता ना! पाच हजार वॉटच्या आवाजाने जे साधत नाही, ते त्या कुरकुरत्या कॅसेटने साधलं होतं.

‘छावा’ची गोष्ट भुतांमध्ये बसत नाही, पण ती टाळून चालायचं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये लागला आणि गावोगाव गाड्या ठरवून माणसं गेली. लेझीमच्या दृश्यावरून गदारोळ झाला, ते काढलं गेलं. प्रस्तुत लेखकाला खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. संगमेश्वर तळेऱ्यासारखंच मुंबई-गोवा रस्त्यावर, चहाला थांबण्याचं ठिकाण. १६८९ साली संभाजी महाराजांना पकडायला मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून तिथे आला. तळेऱ्याचा प्रेक्षक ते बघायला घाट चढून कोल्हापुरात गेला. थिएटरातून बाहेर पडताना कुणीच बोलत नव्हतं, पार्किंगवालासुद्धा पैसे मागताना हळू बोलला.

सप्टेंबरात ‘दशावतार’ आला. सिनेमा मराठी, हा आढावा हिंदीचा, तरी इथे तो येणारच. एक्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग लावत असताना थिएटरातल्या मागच्या रांगेतून एक म्हातारा मोठ्याने दाद देत होता. पुढच्या रांगेतल्या तरुणाने वळून त्याला गप्प केलं. मल्टिप्लेक्सने हेच तर शिकवलं: गप्प बसा, दोनशे रुपयांच्या मक्याच्या लाह्या खा, मोबाइल मात्र बघितला तरी चालेल. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला. उत्तम. आता शंभराचं तिकीट तेवढं शोधायचं.

त्या दिवाळीत सरपोतदारांचाच ‘थामा’ लागला, तारीख २१ ऑक्टोबर २०२५. त्यात वेताळ रक्त पितात असं ऐकलं. इथे थोडी तक्रार आहे. आरवलीचा वेतोबाही वेताळच, पण तो रक्ताला शिवत नाही. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरल्याने त्या झिजतात, अशी श्रद्धा. तरीही सिनेमा बघायचा होताच. तळेऱ्यातल्या एका गृहस्थांनी साखर तपासायची तारीख डॉक्टरांकडून मुद्दाम दिवाळीनंतरच्या आठवड्यातली मागून घेतली. गाडीत दोन जागा शिल्लक होत्या.