कुंपणापलीकडची फवारणी : वसईच्या वाड्या आणि सेंद्रिय दाखला

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी-नंदाखालपासून निर्मळ-गासपर्यंत, जमिनीचा हिशेब गुंठ्यांत चालतो. वाडीत एक विहीर, कडेने नारळ, मध्ये केळी, जमल्यास पानवेल, चार वाफे भाजीचे आणि हल्ली सोनचाफा नाहीतर मोगरा. एकाची वाडी संपते तिथे लगेच दुसऱ्याची सुरू होते. सेंद्रिय प्रमाणीकरणाचे नियम समजून घेताना ही दाटी ध्यानात ठेवायला हवी. खरी अडचण तिथेच आहे.

देशाचा ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’, म्हणजे एनपीओपी, 2001 मध्ये सुरू झाला. तो चालवते अपेडा, कृषिमालाच्या निर्यातीसाठीची केंद्रीय संस्था, आणि तिची छाप नियमांवर दिसते. रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक आणि जनुक बदललेले बियाणे बंद. बियाणे सेंद्रिय हवे; न मिळाल्यास निदान औषध न चोळलेले. शेवटचे रसायन टाकल्यानंतर लगेच दाखला मिळत नाही. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची दोन वर्षे आणि नारळ, चिकू, आंबा यांसारख्या बहुवर्षायु झाडांसाठी पहिल्या काढणीपूर्वीची तीन वर्षे रूपांतराची धरतात. त्या काळात खर्च सेंद्रियचा होतो आणि भाव मात्र साधाच मिळतो. दाखला दरवर्षी नवा करावा लागतो.

दाखला नेमका कशाचा, याबद्दल मोठा गैरसमज आहे. प्रयोगशाळेत भाजी तपासली, अंश सापडला नाही, म्हणजे ती सेंद्रिय, असे अनेक ग्राहक धरून चालतात. अंशाला मर्यादा आहेच : अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार सेंद्रिय अन्नात कीटकनाशकाचा अंश साध्या अन्नासाठीच्या मर्यादेच्या 5 टक्के किंवा यंत्राला जेमतेम मोजता येईल तितका, यांपैकी जो जास्त असेल तेवढाच चालतो. पण प्रमाणपत्र मिळते ते शेती करण्याच्या पद्धतीला. तपासणीला आलेला माणूस वही मागतो. कोणत्या वाफ्यात काय, कधी लावले, शेणखत कुठून आणले, कशाची फवारणी केली, किती माल निघाला, कुठे विकला. पंप पाहतो, कारण शेजाऱ्याकडून आणलेल्या पंपाच्या नळीत आणि नोझलमध्ये कालचे औषध उरलेले असू शकते. मग तो कुंपणापाशी जातो.

शेजारचे रसायन वाऱ्याने किंवा पाण्याने येऊ नये म्हणून मधे संरक्षक पट्टा सोडावा, असा नियम आहे. मोठ्या रानात ते जमते. पंधरा गुंठ्यांच्या वाडीने चारही बाजूंनी पट्टा सोडला तर पिकाला उरणार काय? पाण्याचेही तेच. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा कोणाच्या वाडीत कुठले पाणी शिरले हे कोण सांगणार? बावखले, म्हणजे इथली गोड्या पाण्याची तळी, बुजत चालली आणि चाळी-इमारती वाड्यांना भिडल्या, तसे स्वच्छ पाणी राखणे हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम उरले नाही.

फुलांचा पेच तर खास वसईचा. पहाटेच्या गाडीने दादरला जाणारा मोगरा किंवा चाफा कोणी खात नाही, म्हणून सेंद्रिय अन्नाचे नियम त्याला लागू नाहीत. कळी किडली की फवारणी होते आणि शेजारच्याच वाफ्यात त्याच घरची वालपापडी उभी असते. भाजी सेंद्रिय म्हणून विकायची असेल तर फुलांवरची फवारणी आधी थांबवावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वाडीत दोन पद्धती कागदावर वेगळ्या ठेवता येतील, हवेत नाही.

म्हणूनच वसईसाठी मला दुसरी वाट जास्त योग्य वाटते. ती म्हणजे पीजीएस-इंडिया, सहभागातून हमी देणारी केंद्रीय कृषी मंत्रालयाची पद्धत. इथे त्रयस्थ कंपनी येत नाही. एकाच किंवा जवळच्या गावातले किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस ग्रीन’, नंतर ‘पीजीएस ऑरगॅनिक’. या दाखल्यावर माल परदेशी जात नाही, पण देशात विकता येतो. शिवाय लागून असलेल्या पाच वाड्या एकत्र आल्या, तर मधली कुंपणे धोक्याची राहत नाहीत. पट्टा फक्त गटाच्या बाहेरच्या कडेला लागतो.

याहून साधी सवलत फार थोड्यांना ठाऊक असते. वर्षाची उलाढाल 12 लाख रुपयांच्या आत असलेला लहान उत्पादक आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर सेंद्रिय म्हणून विकायला त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय अन्नाचे सरकारी चिन्ह मात्र त्याला लावता येत नाही. माल दुकानदाराला दिला, की सवलत संपली. दारावर किंवा ओळखीच्या सोसायटीत भाजी पोचवणाऱ्याने दाखल्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजण्याआधी हे तपासावे.

रसायनांशिवायच्या बागेचे उदाहरण जवळच आहे : पालघर जिल्ह्याच्या हद्दीला लागून, उंबरगावजवळच्या देहरीत भास्कर सावे यांनी रसायनांशिवाय नारळ आणि चिकूची बाग उभी केली. 2010 मध्ये सेंद्रिय चळवळींच्या जागतिक महासंघाने त्यांना जीवनगौरव दिला. त्यांची बाग चौदा एकरांची होती. गुंठ्यांतल्या वसईकराला तेवढी सलग जमीन कुठून मिळणार? त्याला ती शेजाऱ्यांसोबतच जोडावी लागेल.

म्हणून वाडीवाल्यांना विनंती : अर्ज भरण्याआधी कुंपणाला लागून असलेल्या चार घरांशी बोला, फवारणीच्या नोंदी आजपासून लिहा. आणि ग्राहकांनो, पाकिटावर चिन्ह दिसले तर त्याखालचा क्रमांक पाहा. चिन्ह नसेल तर विकणाऱ्याला त्याची वही दाखवायला सांगा.