शेवटचे बारा किलोमीटर

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत सकाळी रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं दिसली, तर ती कशासाठी धावताहेत हे कुणाला विचारावं लागत नाही. भरतीसाठी. पोलिस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले, तर 20 पैकी 20 गुण. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. मीही याच वाटेने वनखात्यात आले. निवडीच्या वेळी 4 तासांत 16 किलोमीटर चालून दाखवलं, आणि आता बीटवर गस्त घालताना चालणं हेच रोजचं काम झालं आहे.

सुट्टीच्या दिवशी मी गावातल्या भरतीच्या मुलामुलींबरोबर धावते. त्यांच्यातले काही आता लांब पल्ल्याकडे वळले आहेत. गडचिरोली पोलिस दलाच्या महामॅरेथॉनने त्यांना 21 किलोमीटरची गोडी लावली, आणि अर्धी मॅरेथॉन जमली की जानेवारीतली मुंबईची पूर्ण मॅरेथॉन खुणावू लागते. पाय तयार आहेत, दम आहे, जिद्द आहे. तरीही वेळ सुधारत नाही, कारण 42.195 किलोमीटरही ती 1600 मीटरसारखेच धावतात. मॅरेथॉनची वेळ कमी होते ती सुरुवातीला स्वतःला आवरल्याने. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, पण ते पटायला आकडे मांडून बघावे लागतात.

पाच मिनिटं कमावली, बावीस गमावली

समजा, 4 तासांच्या आत यायचं आहे. म्हणजे प्रत्येक किलोमीटर 5 मिनिटं 41 सेकंदांत. सुरुवातीला अंगात जोर असतो, आजूबाजूचे पळत असतात, म्हणून पहिले 10 किलोमीटर 5:10 च्या गतीने गेले. पाच मिनिटं हाताशी आली असं वाटतं. पुढचे 20 किलोमीटर ठरल्याप्रमाणे झाले. मग तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात आणि गती 7:30 वर येते. उरलेल्या बारा किलोमीटरांत बावीस मिनिटं जातात. शेवटची वेळ 4 तास 17 मिनिटं. मुंबईहून परतलेल्या कित्येक मुलांच्या घड्याळात मी हाच आलेख पाहिला आहे.

असं का होतं? धावताना शरीर दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण 1 किलोकॅलरी खर्च करतं. 60 किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे 2500 लागतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर मात्र साधारण 1600 ते 2000 किलोकॅलरींचीच असते. बाकीचं चरबीतून येतं. चरबी भरपूर असली तरी तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. गती वाढवली की शरीर साखरेवर जास्त भर देतं. म्हणून पहिल्या तासात उडवलेली साखर तिसाव्या किलोमीटरला कमी पडते. धावणारे त्याला ‘वॉल लागली’ म्हणतात.

सुरुवातीला स्वतःला आवरण्याचा नियम जगातले सर्वोत्तम धावपटूही मोडत नाहीत. केनियाच्या केल्विन किप्टमने 8 ऑक्टोबर 2023 रोजी शिकागोत 2 तास 35 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग 60 मिनिटं 48 सेकंदांत आणि दुसरा 59 मिनिटं 47 सेकंदांत झाला होता.

आपली गती कोणती?

मनाला येईल ती वेळ ठरवायची नाही. मॅरेथॉनच्या पाच-सहा आठवडे आधी अर्धी मॅरेथॉन जीव लावून धावा आणि त्या वेळेला 2.085 ने गुणा. पीट रीगेल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्रातून हा आकडा येतो. 1 तास 55 मिनिटांत अर्धी झाली असेल, तर पूर्ण मॅरेथॉन 4 तासांच्या उंबरठ्यावर येते. पण लांब पल्ल्याचा सराव नीट झाला असेल तरच हे खरं ठरतं. तो कमी पडला असेल, तर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरून चाला.

सराव: हळू आणि पुष्कळ

आठवड्यात पाच दिवस धावणं असेल, तर चार दिवस सावकाश. सोपी दौड म्हणजे किती सोपी, हे आमच्या मुलांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा माझ्या शेजारी धावत होता. धानाच्या बांधावर वाढलेला, काटक, 1600 मीटरमध्ये तालुक्यात पुढे. मी विचारलं, घरी आज काय भाजी होती? तो म्हणाला, “भाजी… वांग्याची…” आणि मध्ये श्वास घेतला. मी म्हटलं, गती कमी कर, आणि भाजी कशी केली ते पूर्ण सांग. कमी केली तेव्हा वांगं कुठल्या वाडीतलं, सुकट घातली की नाही, सगळं सांगून झालं. ती त्याची सोप्या दौडीची गती होती, किलोमीटरला पावणेसात मिनिटं. तो म्हणाला, “मॅडम, एवढ्या हळू धावून काय फायदा? दमच नाही लागून रायला.” फायदा दम न लागण्यातच आहे. सावकाश धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबी वापरायला सरावतं. वर दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येतं.

आठवड्यातला एक दिवस मेहनतीचा. 4 तासांचं ध्येय असेल तर 20 ते 30 मिनिटं सलग 5:20 च्या आसपास, किंवा 1 किलोमीटरचे पाच-सहा तुकडे 5 मिनिटांच्या गतीने आणि मध्ये तीन मिनिटं हलकं धावणं. चार सोप्या दिवसांपैकी एक लांब पल्ल्याचा. तो 16 किलोमीटरपासून हळूहळू 30-32 पर्यंत न्यायचा, आणि शेवटच्या महिन्यांत त्यातले अखेरचे 8 किलोमीटर शर्यतीच्या गतीने. थकलेल्या पायांना ठरलेली गती कळावी, यासाठी. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर जवळपास निम्म्यावर आणायचं. तेव्हा मन चुळबुळतं, पण शरीर भरून निघत असतं.

आमच्याकडे जानेवारीसाठीचा सराव सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये धानकापणी येते. दिवसभर वाकून कापणी केलेल्या मुलीने संध्याकाळी तुकडे मारायचे नाहीत. कापणी हाही सरावच आहे, तो वहीत लिहा आणि त्या दिवशी आराम करा.

जंगलाच्या कडेला धावताना

हे मी वनरक्षक म्हणून सांगते. पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांज या वाघ-बिबट्यांच्या वावराच्या वेळा आहेत. 2021 पासून गडचिरोलीत छत्तीसगडमधून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही फिरतो आहे. लांब पल्ला म्हणून जंगलातल्या सडकेने एकट्याने 15 किलोमीटर जाऊन परत यायचं, हे आपल्या भागात करू नका. उजाडल्यावर निघा, गटाने धावा, कानात काही घालू नका. गावालगतचा दोन-तीन किलोमीटरचा उघडा रस्ता मोजून घ्या आणि त्याच्याच फेऱ्या मारा. फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, पण दर फेरीची वेळ कळते, आणि गती सारखी ठेवायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. पाण्याची बाटली एकाच ठिकाणी ठेवता येते, हा आणखी एक फायदा.

दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहक व्यक्ती आजारी नसते, ती मॅरेथॉनही धावू शकते. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना आणि सरावाशिवाय एकदम जिवाच्या आकांताने धावल्यास वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, क्वचित जिवावरही बेततं. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. वाहक असाल तर सराव हळूहळू वाढवा, पाणी प्या, आणि पाय गळाल्यासारखे वाटले तर लगेच थांबा. सिकलसेलचा आजारच असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नका. मुलांच्या मागे उभं राहून ‘थांबू नको, पळ’ ओरडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

शर्यतीचा दिवस

मुंबईची हवा आपल्यासारखी नाही. चंद्रपूरच्या जानेवारीत कोरडी थंडी असते, घाम लगेच सुकतो. मुंबईत पहाटेही हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो आणि शरीर तापतं. म्हणून पहिल्या तासात घड्याळापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. हवा फारच दमट असेल तर ध्येय पाच-दहा मिनिटांनी मागे घ्या.

4 तासांसाठी आखणी अशी: पहिले 5 किलोमीटर 5:50 ने. लोक पुढे जातील, जाऊ द्या. मग शेवटपर्यंत 5:38 च्या आसपास. यातून मिनिटभर शिल्लक राहतं, आणि ते लागतं, कारण वळणावळणांवर आपण 42.195 पेक्षा थोडं जास्तच धावतो. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पस्तीसाव्या किलोमीटरच्या सुमारास येतो. तिथे गती टिकवायचा अट्टाहास नको, पावलं आखूड करा, श्वास तोच ठेवा, आणि उतारावर पुन्हा गती धरा.

खाण्याचं म्हणाल, तर आधीचे दोन दिवस भात वाढवा. आपल्या झाडीपट्टीत तो घरोघरी आहेच. शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, गूळ आणि खजूरही चालतात. सरावात जे पचलं तेच शर्यतीत खा, आणि पहिला घास पाऊण तासाच्या आत, भूक लागण्याची वाट न बघता. पाणी घोटाघोटाने प्या, त्यात मीठ-साखर-लिंबू असू द्या. पोट डचमळेपर्यंत नुसतं पाणी पिणं धोक्याचं आहे, त्याने रक्तातलं सोडियम घसरतं.

आता शेवटी आपल्या मुलांविषयी. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. डिसेंबर 2023 मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. म्हणजे इथे दमाची मुलं आहेत आणि मैदानंही होत आहेत. मला काळजी आहे ती भरतीचं वय उलटून गेलेल्या मुलामुलींची. निवड झाली नाही की ती ग्राउंड सोडतात, आपलं धावणं वाया गेलं असं समजतात. ते वाया गेलेलं नाही. मॅरेथॉनमध्ये तिशीत, पस्तिशीतही वेळ सुधारत राहते, कारण सावकाश धावलेला प्रत्येक किलोमीटर पुढच्या वर्षाच्या कामी येतो. भरतीसाठी कमावलेले पाय तुमच्याकडे आहेत. आता सप्टेंबरपासून आठवड्यातले चार दिवस सावकाश धावायला सुरुवात करा.