हार्डडिस्क मध्येच का अडकते? मिलिसेकंद मोजा, कळेल!

पालेगावातल्या एखाद्या सोसायटीच्या ऑफिसात असतो तसा जुना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. मेंटेनन्सची फाईल उघडली की सगळं गोठतं, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरळीत. 'व्हायरस असेल', 'रॅम वाढवा' असे सल्ले लगेच मिळतात. डिस्कला किती वेळ लागतोय, हे मात्र कुणी मोजत नाही.

खरं तर ते सोपं आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली डिस्क निवडा, सरासरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. लिनक्सवाल्यांसाठी 'आयओस्टॅट' आहे.

आता किती वेळ लागणं रास्त? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. हेड योग्य जागी सरकायला आणखी ८ ते १०. एकूण १२ ते १५ मिलिसेकंद झाले.

मग आकडा ३०० कसा होतो? बहुतेकदा रांगेमुळे. अंबरनाथ स्टेशनवर तिकीट अर्ध्या मिनिटात मिळतं, पण खिडकीपर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं जातात. अँटिव्हायरस आणि अपडेट एकदम सुरू झाले की डिस्कपुढेही तेच होतं.

धक्क्यांनीही हेड जागेवरून हलतं. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने चालू डिस्कसमोर चक्क ओरडून दाखवलं, आणि आलेखावर विलंब उसळला!

काही सेकंदांचा खोळंबा मात्र वेगळा. कॉम्प्युटर बराच वेळ रिकामा होता आणि पहिल्याच क्लिकला अडकला, तर डिस्क झोपली होती, एवढंच. पण काम चालू असताना, त्याच फाईलपाशी पुन्हा पुन्हा अडकत असेल तर सेक्टर खराब होत असण्याची शक्यता मोठी. डिस्क तो वाचायचा प्रयत्न फेऱ्यामागून फेरे करत राहते. सरासरीत हे लपतं: ९९ मागण्या १० मिलिसेकंदांत आणि एक ३ सेकंदांत पूर्ण झाली, तरी सरासरी ४०च!

अशा वेळी 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर'चा आकडा बघा. तो शून्य नसेल तर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नका, त्या ताणाने डिस्क पुरती बसू शकते. आधी महत्त्वाच्या फाईल दुसरीकडे कॉपी करा.