चौरस्त्यावरचा सौदा

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा कृष्णवर्णीय गायक रॉबर्ट जॉन्सन (१९११-१९३८) ह्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, त्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानास आपला आत्मा विकला व मोबदल्यात गिटारवादनाचे कौशल्य मिळविले. तिवाठ्यावर उतारा ठेवणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. ‘ब्लूज’ म्हणजे गुलामांच्या वंशजांचे दुःखगान. परंतु अनेक मंडळ्यांत ते ‘सैतानाचे संगीत’ ठरले आणि आख्यायिकेस बळ मिळाले.

वस्तुस्थिती निराळी आहे. ही कथा आधी टॉमी जॉन्सन ह्या दुसऱ्याच गायकाविषयी सांगितली जात असे. रॉबर्टने तर आईक झिमरमन नावाच्या वादकापाशी कष्टपूर्वक अभ्यास केला होता. लोकांनी जेथे सौदा पाहिला, तेथे साधना होती.

आपल्याकडील उदाहरण पाहावे. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व ऐन तारुण्यात क्षयाने आजारी पडले व काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य झाले. देवास येथील त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली, आणि पुढे त्यांच्या गायनास नवी दिशा लाभली. ही निवड एका रात्रीची नव्हे. वर्षानुवर्षे ऐकत राहण्याची होती.

टॉमस डॉर्सी (१८९९-१९९३) हा बाप्तिस्त उपदेशकाचा पुत्र ब्लूज वाजवीत असे. १९३२ साली प्रसूतीत त्याची पत्नी व पाठोपाठ नवजात बालक निवर्तले. त्या शोकातून त्याने प्रभूचा हात मागणारे गीत रचले. ब्लूजची ढब त्याने टाकली नाही. ती उपासनेत आणली.

आपल्या प्रभूसही अरण्यात सौदा सुचविण्यात आला (मत्तय ४) व त्याने तो नाकारला. परंतु विलाप त्याने नाकारला नाही. वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचा आक्रोश त्याच्याच मुखी आला. म्हणून निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेली एखादी भगिनी जात्यावरच्या चालीत आपले दुःख मांडू लागली, तर ‘हे जगिक गाणे’ म्हणून तिला गप्प करू नये. आधी ऐकावे, मग तिच्यासह प्रार्थना करावी. जीवन व मरण ह्यांतील निवड (अनुवाद ३०:१९) चौरस्त्यावर एकदाच होत नाही. ती ‘आज’ करावयाची असते, आणि उद्याही पुन्हा ‘आज’च उजाडतो.