नैराश्य आणि बोलण्याचा उपचार

आपले हितचिंतक वार्षिक अहवाल हाती घेतात, तेव्हा त्यांची दृष्टी प्रथम यंत्रसामग्रीच्या रकान्याकडे जाते, असा आमचा अनुभव आहे. सोनोग्राफीचे यंत्र दाखविता येते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. समुपदेशन कक्षात मात्र दोन खुर्च्या, एक टेबल आणि लावलेले दार एवढेच दिसते. "नुसत्या बोलण्याचे मानधन कशासाठी?" असे एका विश्वस्तांनी आम्हांस आपुलकीनेच विचारले. आम्ही वाणिज्य शाखेचे; हा प्रश्न आमच्याही मनात होताच. म्हणून या कक्षाचे काम समजून घेतले व ते येथे मांडीत आहोत.

घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, नोकरी गेली, तर माणूस दुःखी होणारच. नैराश्य त्याहून निराळे. मनाची खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे हे दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज टिकते आणि त्यासोबत झोप, भूक, उत्साह व एकाग्रता ढासळते. आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. कधी मरणाचे विचार येतात. हा आजार आहे, आळस किंवा भित्रेपणा नव्हे.

परंतु केसपेपर काढताना 'मन दुखते' असे कोणी सांगत नाही. अंगदुखी, धडधड, थकवा, झोप नाही, अशाच तक्रारी असतात. एक गृहिणी अशा तक्रारी घेऊन वर्षभर आमच्याकडे येत होत्या. ईसीजी झाला, रक्त, थायरॉइड सारे तपासून झाले. (थायरॉइडच्या विकारानेही मन खचते, ती तपासणी आवश्यकच होती.) सर्व अहवाल निर्दोष आले आणि "तुम्हांला काहीही झालेले नाही" असे सांगून प्रत्येक वेळी आम्हीच त्यांना घरी पाठविले. पैसे त्यांनी आमच्याच खिडकीवर भरले. ही चूक आमची होती.

पुढे त्या समुपदेशन कक्षात गेल्या. तेथे उपदेश होत नाही, हे आम्हांस नव्याने कळले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांवर काम करणारी जी पद्धत विकसित केली, तिच्यात 'माझ्याने काहीच होत नाही' अशा वाक्याला रुग्णासह बसून पुरावा विचारला जातो. दुसरी पद्धत कृतीपासून सुरू होते. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडतो, त्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचते. हे चक्र लहान कृतीने उलटे फिरवायचे. या बाईंनी भजनी मंडळ सोडले होते. पहिल्या आठवड्याचे काम मंडळात जाण्याचे नव्हते, सायंकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालण्याचे होते; आणि परतल्यावर कसे वाटले ते वहीत लिहायचे.

याचा हिशेब आहे काय? आहे, आणि तो शेजारच्या गोव्यातला आहे. 'संगत' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच कृतीवर आधारलेली पद्धत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर तपासली. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. बैठकी सहा ते आठ. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे सर्वांना गुण येतो असे नव्हे. आजार तीव्र असेल तर औषधे लागतातच, आणि ती मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय मध्येच बंद करू नयेत.

नातेवाइकांस एक विनंती. "मन खंबीर कर" हे वाक्य रुग्णाने स्वतःला शंभरदा ऐकविलेले असते. जवळ बसावे, ऐकावे. मरणाची भाषा कोणी केली तर ती धमकी समजू नये. रुग्णाला एकटे न ठेवता तत्काळ घेऊन यावे. पोलिसांच्या भीतीने कोणी थांबू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. रात्री-अपरात्री शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आपला कक्ष सध्या आठवड्यातून तीन दिवस उघडा असतो. उरलेल्या दिवसांच्या मानधनाचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्यात यंत्र एकही नाही. दाराला जाड पडदा तेवढा मागितला आहे, कारण बाहेर बाकावर बसलेल्यांना आतले बोलणे ऐकू येते.